विश्लेषण : टायगर, पठाण, कबीर यांच्यानंतर कोण?

‘यशराज’च्या हेरपटांतला पुढचा चित्रपट ‘अल्फा’ 25 डिसेंबर 2025 ला येणार होता. व्हीएफएक्सचे काम बाकी असल्याचे सांगून ती तारीख पुढे ढकलण्यात आली. त्याआधी 14 ऑगस्टला आलेला ‘वॉर 2’ हृतिक रोशन आणि ज्युनिअर एनटीआर अशी जोडी असूनही अपेक्षेएवढा चालला नाही. तेरा वर्षे हमखास मानले गेलेले गणित कुठे अडले?

मालिका उभी कशी राहिली?

‘एक था टायगर’ 15 ऑगस्ट 2012 ला आला तो सुटा चित्रपट म्हणून. पाठोपाठ ‘टायगर जिंदा है’ (2017) आणि ‘वॉर’ (2019) आले. ‘स्पाय युनिव्हर्स’ हे बोधचिन्ह मात्र झळकले ते चौथ्या चित्रपटाच्या, ‘पठाण’च्या (2023) वेळी. नाते मागाहून जोडले गेले. पठाणच्या मदतीला टायगर धावून आला, तर ‘टायगर 3’मध्ये पठाणने ती परतफेड केली.

एक रिवाज मात्र पहिल्यापासून पाळला गेला, तो सुट्टीचा. स्वातंत्र्यदिन, नाताळ, प्रजासत्ताक दिन, दिवाळी. ‘वॉर’ तर 2 ऑक्टोबर 2019 ला, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीला लागला. सेवाग्रामच्या वर्धा जिल्ह्यात हा योग जरा विचित्रच. निर्मात्यांसाठी ती हक्काची सुट्टी होती.

बॉण्डने काय केले?

‘डॉ. नो’ (1962) ते ‘नो टाइम टू डाय’ (2021) या ईऑन कंपनीच्या 25 चित्रपटांत सहा नट बॉण्ड झाले. माणूस बदलला, 007 हा क्रमांक आणि ती धून राहिली. ‘कसिनो रोयाल’मध्ये (2006) क्यू आणि मनीपेनी ही ठरलेली पात्रे वगळली गेली, ‘स्कायफॉल’मध्ये (2012) ती परत आली. 2021 मध्ये तर बॉण्डलाच मारले, तरी मालिका संपलेली नाही. सूत्रे आता अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे आहेत आणि पुढच्या चित्रपटाचे दिग्दर्शन डेनी व्हिलनव्ह करणार आहेत.

आपल्याकडे ते का जमत नाही?

कारण इथे परंपरा म्हणजेच नट. टायगरच्या तीन चित्रपटांना कबीर खान, अली अब्बास जफर आणि मनीष शर्मा असे तीन दिग्दर्शक लाभले. ‘रॉ’च्या प्रमुखाच्या खुर्चीवर आधी गिरीश कर्नाड दिसले, नंतर रेवती. बदलला नाही तो सलमान खान. दुसऱ्या कोणी टायगर म्हणून एन्ट्री घेतली, तर थिएटरात शिट्टी वाजेल का, हे विचारायलाही नको. पण सलमान आणि शाहरुख दोघेही 1965 चे. एकमेकांच्या चित्रपटांत पाहुणे पाठवून थोडा वेळ निघतो, वय थांबत नाही.

म्हणून ‘अल्फा’ची परीक्षा मोठी. आलिया भट्टसोबत त्यात ‘मुंज्या’मधून घरोघरी पोहोचलेली मराठी मुलगी शर्वरी आहे. जुना नायक बाजूला ठेवून ही मालिका चालते का, याचे पहिले खरे उत्तर तिथे मिळेल.

दरम्यान प्रेक्षकांची चवही हलली. परदेशी समुद्रकिनारे आणि चकचकीत मोटारी सोडून कराचीच्या गल्ल्यांत शिरलेला ‘धुरंधर’ 5 डिसेंबर 2025 ला आला आणि तुफान चालला. वर्ध्यासारख्या जिल्हा ठिकाणी पडदे मोजकेच. सुट्टीचा आठवडा कोणाला द्यायचा, यावर थिएटरमालकाचा हिशेब ठरतो. ‘अल्फा’ने सोडलेल्या नाताळच्या आठवड्यात देशभर ‘धुरंधर’चाच जोर होता.