‘वॉचमेन’ मालिकेवर अन्याय झाला

संपादक महोदय,



गेल्या अंकातील ‘वॉचमेन’ मालिकेचे परीक्षण वाचले. मालिकेने मूळ कॉमिकशी प्रतारणा केली, हा त्यातील निष्कर्ष मला मान्य नाही.

अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे 12 अंकी कॉमिक 1986-87मध्ये आले. त्याची ताकद पानाच्या रचनेत आहे. नऊ चौकटींची ती शिस्त पडद्यावर जशीच्या तशी येत नाही. झॅक स्नायडर यांच्या 2009च्या चित्रपटाने अनेक चौकटी इमानाने गिरवल्या. पण थांबून, मागची पाने चाळून दुवे जुळवण्याची वाचकाची मुभा त्यात उरली नाही.

डेमन लिंडेलॉफ यांच्या 2019च्या नऊ भागांच्या मालिकेने वेगळी वाट धरली. तिची सुरुवातच 1921मध्ये टल्सा येथील कृष्णवर्णीयांच्या ग्रीनवुड वस्तीवर झालेल्या हल्ल्याने होते. हूडेड जस्टिस हा मुखवटाधारी नायक कोण, हे कॉमिकने संदिग्ध ठेवले होते. सहावा भाग त्याचे उत्तर देतो. विल रीव्हज या कृष्णवर्णीय पोलिसाला त्याचेच गोरे सहकारी फासावर लटकवतात आणि जीव जाण्याआधी खाली उतरवतात. गळ्यातला तो दोर न काढताच विल मुखवटा चढवतो आणि हूडेड जस्टिस बनतो. कॉमिकमधल्या पोशाखाच्या एका तपशिलातून अमेरिकेचा वंशद्वेषाचा इतिहास उभा राहतो. ही प्रतारणा नव्हे, मूळ कृतीचे सखोल वाचन आहे.

परीक्षणात या भागाचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते. कथानक किती बदलले यापेक्षा बदलाने काय साधले, हे परीक्षकांनी तपासावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक