खिरापत नको, रीत हवी

राजधानीच्या राजकारणाची चर्चा बहुधा मोठ्या अधिकारांच्या ओढाताणीतच अडकून पडते. नायब राज्यपालांचा अधिकार कोठे संपतो, मुख्यमंत्र्यांचा कोठे सुरू होतो आणि या दोघांच्या मधल्या जागेत केंद्रीय गृहमंत्रालय कोठे उभे असते, या वादावर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली. सामान्य नागरिकाची सरकारशी गाठ मात्र याहून फार लहान कारणाने पडते. उत्सवासाठी मांडव हवा असतो, वाचनालयाला कपाटे हवी असतात, मुलांच्या नाट्यस्पर्धेसाठी सभागृहाचे भाडे भरायचे असते. रक्कम काही हजारांची किंवा फार तर काही लाखांची, तीही एकदाच हवी असते. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात हा खर्च दिसेल न दिसेल, इतका किरकोळ. पण सरकार नागरिकाकडे हक्कदार म्हणून पाहते की याचक म्हणून, याची कसोटी याच खर्चात लागते.

आर. के. पुरम हे त्याचे बोलके उदाहरण आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेल्या या वसाहतीत देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. सेक्टर पाचमध्ये दिल्ली तमिळ संगमाची वास्तू आहे, सेक्टर सातच्या टेकडीवर मलै मंदिर आहे, अय्यप्पाचे मंदिरही जवळच आहे. ज्या समाजांनी वेळीच जागा मिळवून आपली वास्तू उभारली, त्यांचे सांस्कृतिक जीवन दरवर्षीच्या अर्जांवर अवलंबून राहिले नाही. ज्यांची संख्या कमी आणि वस्ती विखुरलेली, त्यांचे तसे नाही. दिल्लीतील मराठी संस्थाजीवनाचे जुने केंद्र पहाडगंजात आहे. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन तेथेच आहेत. दक्षिण दिल्लीच्या सरकारी वसाहतींतील मराठी कुटुंबांना गणेशोत्सव, हळदीकुंकू किंवा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम करायचा तर मागून आणलेल्या जागेवर आणि वर्गणीवरच भिस्त ठेवावी लागते.

अशा एखाद्या मंडळाने सरकारी मदत मागायचे ठरवले, तर पहिला प्रश्न असतो तो मागायची कोणाकडे, हा. घरे केंद्र सरकारची, त्यांची देखभाल केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. रिंग रोडच्या पलीकडे नवी दिल्ली नगरपालिका परिषदेची हद्द, अलीकडे दिल्ली महापालिका. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वसाहतींतील समाजसदने कार्मिक मंत्रालयाच्या गृहकल्याण केंद्राच्या अखत्यारीत येतात. कला, संस्कृती व भाषा हा विभाग दिल्ली सरकारचा आणि पोलीस परवानगी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आधिपत्याखालील दिल्ली पोलिसांची. आमदारांचा स्थानिक विकास निधी आहे, पण तो कामांसाठी असतो आणि कामे करणाऱ्या यंत्रणेकडे जातो. त्यातून मंडळाच्या हाती रोख रक्कम पडत नाही. सरकारी जमिनीवर काही बांधायचे तर जमिनीच्या मालकाची संमती वेगळीच. या चक्रव्यूहात शिरलेल्या अर्जदाराला शेवटी एकच व्यवहार्य सल्ला मिळतो: ‘कोणाला तरी भेटा.’ नियमांची जागा ओळख घेते ती येथे. त्यात कोणाची दुष्टबुद्धी असतेच असे नाही. रस्ता दाखवणारी पाटी नसली की माणूस वाटाड्या शोधतो आणि वाटाड्या आपली दक्षिणा मागतो, इतकेच.

ही दक्षिणा बहुधा मतांची असते. २०१३ च्या विधानसभा निवडणुकीत आर. के. पुरमचा निकाल अवघ्या ३२६ मतांनी लागला होता. भाजपचे अनिल शर्मा विजयी झाले आणि आम आदमी पक्षाच्या शाझिया इल्मी पराभूत झाल्या. इतक्या कमी फरकाने आमदार ठरत असेल, तेथे चार-पाचशे कुटुंबांचे प्रत्येक मंडळ उमेदवाराला मोलाचे वाटणार आणि मंडळालाही आपल्या किमतीची जाणीव होणार. अनुदानाच्या अर्जावर मग कामाचे गुण कमी आणि अर्जदाराचे संख्याबळ अधिक वाचले जाते. ज्या समाजाचे संख्याबळ शे-दोनशे घरांपलीकडे जात नाही, त्याचा अर्ज फेटाळलाही जात नाही. तो फक्त पडून राहतो.

दिल्लीच्या राज्यकर्त्यांना हा प्रश्न दिसला नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शीला दीक्षित यांनी २००० साली ‘भागीदारी’ योजना सुरू केली आणि निवासी कल्याण संघांना प्रशासनाच्या मेजाशी बसवले. २००५ साली या योजनेला संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. संघटित वसाहतींचा आवाज तिने वाढवला, पण झोपडपट्टीतील आणि भाडेकरू नागरिकाला तेथे जागा नाही, अशी टीकाही झाली. २०१५ साली आम आदमी पक्षाच्या सरकारने मोहल्ला सभांची कल्पना पुढे आणली, ११ मतदारसंघ प्रयोगासाठी निवडले आणि अर्थसंकल्पात ‘स्वराज निधी’ म्हणून २५३ कोटी रुपयांची तरतूद केली. कोणते काम हवे हे लोकांनीच ठरवावे, हा त्यामागचा विचार होता. पण त्या सभांना कायद्याचे अधिष्ठान लाभले नाही आणि उत्साह ओसरला. आमदार निधीची कथाही अशीच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, तो वर्षाला १५ कोटी रुपये करण्यात आला आणि मे २०२५ मध्ये नव्या सरकारने तो ५ कोटींवर आणला. यातले कोणते पाऊल योग्य, याविषयी मतभेद होतील. मात्र प्रत्येक व्यवस्था तिच्या जन्मदात्या सरकारबरोबर आली आणि त्याच्याबरोबरच गेली, याबद्दल वाद नाही. नागरिकाच्या पदरात कायमची रीत काही पडली नाही.

या पार्श्वभूमीवर जून २०२५ मध्ये रेखा गुप्ता सरकारने कावड यात्रेच्या शिबिरांविषयी घेतलेला निर्णय लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. पूर्वी शिबिरांची व्यवस्था निविदा काढून कंत्राटदारांमार्फत होत असे. नव्या निर्णयाने नोंदणीकृत समित्यांच्या बँक खात्यात थेट रक्कम देण्याचे ठरले. किमान ५० हजार आणि कमाल १० लाख रुपये, शिबिराच्या आकारानुसार चार वर्ग, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली खर्चाचा हिशेब दिल्यानंतर. शिवाय १,२०० युनिटपर्यंत वीज मोफत आणि परवानग्यांसाठी एक खिडकी. एकवेळच्या सामाजिक अनुदानाची लेखी रीत कशी असावी, याचा हा आराखडा प्रशासकीयदृष्ट्या वाईट नाही. कोणाला किती मिळू शकते हे आधी ठाऊक आहे, अर्ज कोठे करायचा हे ठाऊक आहे आणि दुसरा हप्ता हिशेबाशी बांधलेला आहे.

मग आक्षेप कोठे आहे? आक्षेप हा की, जी स्पष्टता एका यात्रेला मिळाली, ती नाट्यस्पर्धेला, वाचनालयाला, ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्राला किंवा शे-दोनशे घरांच्या भाषिक मंडळाला का मिळू नये? ज्यांची संख्या मोठी त्यांच्यासाठी नियमावली आणि ज्यांची संख्या लहान त्यांच्यासाठी विनंतिअर्ज, अशी ही विभागणी झाली आहे. वास्तविक नियमाची गरज दुबळ्याला अधिक असते. प्रबळाचे काम नियमावाचूनही होते. धर्माशी संबंधित खर्चाचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. कराच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी खर्च झाला तर राज्यघटनेच्या २७ व्या अनुच्छेदाचा भंग होईल, अल्प हिश्शाने होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हज अनुदानाच्या प्रकरणात म्हटले होते. घटनेच्या कसोटीला हे पुरेसे असेल. राज्यकारभाराच्या कसोटीला समान निकषही लागतात.

निकष नसले की काय होते, याचा धडा मुंबईने दिला आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासकीय राजवट आली. नगरसेवक उरले नाहीत तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये धोरण बदलून आमदार-खासदारांना महापालिकेकडे विकासकामांसाठी निधी मागण्याची मुभा देण्यात आली आणि मंजुरीची नाडी पालकमंत्र्यांच्या हाती राहिली. वर्षअखेरपर्यंत सत्ताधारी पक्षांच्या २१ आमदारांसाठी सुमारे ५०० कोटी रुपये मंजूर झाले आणि विरोधी बाकावरील एकाही आमदाराच्या मागणीला दाद मिळाली नाही, असे एका इंग्रजी दैनिकाने जानेवारी २०२४ मध्ये उघड केले. विरोधकांच्या मतदारसंघांतील गटारे आणि पदपथ तर कोणत्याही पक्षाचे सभासद नव्हते. लेखी पत्र होते, मंजुरीही लेखी होती. नव्हता तो नकाराचे कारण सांगण्याचा दंडक. कागदावरचा कारभारही मर्जीचा असू शकतो, तो असा.

याच महाराष्ट्रात ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य सरकारने १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये भांडवली अनुदान देण्याचा निर्णय घेतला. एकूण खर्च साडेचार कोटी. सर्वांना एकच रक्कम या पद्धतीत गरजेचा विचार होत नाही, ही तिची उणीव आहे. पण टाळ-मृदंगासाठी कोणाच्या दारात किती हेलपाटे घातले, यावर रक्कम ठरत नाही, हा तिचा गुण कमी लेखता येणार नाही.

नवे कायदे करण्याचीही फारशी गरज नाही. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत अनुदानाचे स्वतंत्र प्रकरण आहे. संस्थेची घटना, लेखापरीक्षित हिशेब, खर्चाचा नेमका तपशील आणि त्याच कामासाठी दुसरीकडून अनुदान घेतले नसल्याचे प्रमाणपत्र त्यानुसार द्यावे लागते. एकवेळच्या अनुदानाचा विनियोग दाखलाही वर्षअखेरीनंतर १२ महिन्यांच्या आत अपेक्षित असतो. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अनुदानाच्या योजना, रकमा आणि लाभार्थींचा तपशील शासनाने मागणीची वाट न पाहता प्रसिद्ध करायचा असतो. हा अधिकार दिल्लीने केंद्राच्याही आधी, २००१ च्या स्वतःच्या कायद्याने दिला होता.

अडचण नियमांच्या अभावाची नसून ते कोणाच्या मापाने शिवले आहेत, याची आहे. पगारी लेखापाल असलेल्या संस्थेला जे सहज जमते, ते सरकारी वसाहतीतील मंडळाला जमत नाही. चिटणीस बदलून गेला किंवा निवृत्त होऊन घर सोडून गेला की त्याच्याबरोबर पावत्यांची फाइलही जाते. विनियोग दाखला राहून जातो आणि पुढच्या वर्षीचा अर्ज त्याच कारणाने अडतो. मेजाच्या पलीकडचा अधिकारीही तोवर बदललेला असतो. दोन्हीकडची स्मृती पुसली गेली की उरते ती फक्त मध्यस्थाची, कारण तो बदलत नाही.

प्रशासनाची बाजूही ऐकली पाहिजे. संकट सांगून येत नाही. पावसात वाचनालयाचे छत कोसळले तर वार्षिक वेळापत्रकाची वाट पाहा, असे सांगता येणार नाही. म्हणून थोडा स्वेच्छाधिकार राहावाच. प्रत्येक अर्जाला लेखापरीक्षणाची कात्री लागणार असेल, तर सही करण्यापेक्षा फाइल फिरवत ठेवणे अधिकाऱ्यालाही सुरक्षित वाटते, हेही खरे. पण या दोन्ही भयांवर उतारा एकच आहे. निकष जाहीर असले की सही करणाऱ्याला संरक्षण मिळते आणि स्वेच्छाधिकार वापरल्यास त्याचे कारण लिहून ठेवल्यावर संशयाला जागा उरत नाही.

दिल्ली सरकारने एवढे करावे. जिल्हाधिकारी कार्यालयात सर्व प्रकारच्या सामाजिक अनुदानांसाठी एकच खिडकी असावी आणि जागा कोणत्याही यंत्रणेची असली तरी अर्ज योग्य ठिकाणी पोचवण्याची जबाबदारी तिचीच असावी. वर्षातून दोन ठरलेल्या तारखांना अर्ज घ्यावेत. लहान रकमेसाठी दोन पानांचा अर्ज आणि साध्या पावत्या पुरेशा मानाव्यात, रक्कम वाढेल तशी कागदपत्रे वाढावीत. नकार मिळाल्यास कारण लेखी द्यावे. आणि कोणी मागितले, कोणाला मिळाले, कोणाला मिळाले नाही, याची यादी संकेतस्थळावर आणि कार्यालयाच्या फलकावरही लावावी. यातली शेवटची अट राजकारण्यांना सर्वांत जड जाईल, कारण उपकाराचे मोल तो गुपचूप केला तरच वाढते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. १९५४ नंतर प्रथमच राजधानीला हा मान मिळाला आणि पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. अशा भव्य सोहळ्यांना पाठबळ देणारे पुष्कळ भेटतात. भाषा टिकते ती मात्र वसाहतीतल्या लहान कार्यक्रमात, जेथे सहावीतले मूल पहिल्यांदा मराठीत चार वाक्ये पाठ म्हणते. त्या सभागृहाचे भाडे भरायला मंडळाच्या चिटणिसाला कोणाच्या दरबारात ताटकळावे लागू नये. अर्ज नाकारला गेला तरी चालेल. तो का नाकारला, हे त्याला एका कागदावर वाचता आले पाहिजे.