आपला संगणक आपणच जोडावा



शेतातली पाण्याची मोटार जळाली तर तुमच्या घरी काय करतात? आखाडा बाळापूरसारख्या बाजाराच्या गावी या प्रश्नाचे उत्तर लहान मुलालाही ठाऊक असते. मोटार वर काढायची, वाइंडिंग करणाऱ्याच्या दुकानात न्यायची आणि तो ती उघडीत असताना शेजारी बसून बघत राहायचे. तार कुठे जळाली, बेअरिंग का झिजले, हे पाहता पाहता कळते. पुढच्या खेपेला बिघाड मोटारीत आहे की स्टार्टरमध्ये, हे घरचा पोरगाच सांगतो. सायकल, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, यांपैकी कोणतेही यंत्र उघडायला आपली माणसे भीत नाहीत.

मग संगणकालाच आपण का भितो? पुष्कळ शाळांतून मी एकच दृश्य पाहिले आहे. संगणक कक्षाला कुलूप, आतल्या यंत्रांवर कापड आणि भिंतीवर ‘हात लावू नये’ अशी सूचना. मोटार हे आपल्या दृष्टीने यंत्र असते. संगणक मात्र देव्हाऱ्यातला देव होऊन बसतो!

माझे मत स्पष्टच सांगतो. हायस्कुलातील प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने शाळा सोडण्यापूर्वी एक तरी संगणक स्वतः उघडलेला, सुटा केलेला आणि पुन्हा जोडून चालू केलेला असावा. त्यासाठी नवे, महागडे यंत्र लागत नाही. जुने, कोणाला नकोसे झालेले यंत्र या कामाला अधिक चांगले.

तुम्ही म्हणाल, “आमच्या हाती मोबाइल आहे, मग संगणक कशाला?” मोबाइल हाही संगणकच आहे, यात शंका नाही. पण त्याचे भाग एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यातली स्मृती वाढवता येत नाही, एक भाग काढून दुसरा लावून बघता येत नाही. मोबाइल वापरता येतो. त्याच्याकडून शिकता मात्र थोडेच येते. मेजावरचा संगणक तसा नाही. चार स्क्रू काढले की तो आपले सारे पोट उघडे करून दाखवतो.

कमी पैशांत, हातात असेल त्या सामानातून संगणक उभा करणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. आपल्या देशातला अगदी सुरुवातीचा मोठा संगणक असाच मुंबईत घडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा एक गट कामाला लागला. त्यांतल्या बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक हाताळलाही नव्हता. त्यांनी एकदम मोठे यंत्र हाती घेतले नाही. आधी एक लहान, प्रायोगिक यंत्र जोडले; ते १९५६ मध्ये चालले. त्याच्या चुकांतून शिकून १९६० मध्ये पूर्ण यंत्र उभे केले. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. गुणाकार करून पाहा: ८१,९२० बिट, म्हणजे अवघे १० किलोबाइट! तुमच्या हाती येणाऱ्या ८ गिगाबाइटच्या जुन्या यंत्रात टिफ्रॅकच्या आठ लाखपटींहून अधिक स्मृती असते.

दुसरे उदाहरण पुण्याचे. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळण्यात अडचणी येऊ लागल्या, तेव्हा १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. त्यांनी एकच अतिशय बलवान प्रोसेसर बनवण्याचा हट्ट धरला नाही. बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर घेतले, ते एकमेकांना जोडले आणि काम त्यांच्यात वाटून दिले. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेतही साधे १६ घरगुती प्रोसेसर जोडून असाच एक स्वस्त गट-संगणक बांधण्यात आला. भारी भाग नसतील तर आहेत ते भाग शहाणपणाने जोडावेत, हाच या सगळ्यांचा धडा.

आता आपल्या कामाकडे वळू या. पहिल्या संगणकासाठी काय घ्यावे? कंपन्या आणि बँका आपली यंत्रे काही वर्षांनी बदलतात आणि ती जुन्या बाजारात येतात. त्यात आणखी एक गोष्ट घडली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबला आणि तिच्या पुढची आवृत्ती बऱ्याच जुन्या प्रोसेसरांना स्वीकारत नाही. यंत्र धडधाकट, पण मालकाला नकोसे! अशा यंत्रावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चांगली चालते. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने घरच्या संगणकावर तिची सुरुवात केली. तेव्हा तो २१ वर्षांचा होता.

नांदेडला किंवा हिंगोलीला असे यंत्र पाहायला जाल, तेव्हा ते दुकानात चालू करून घ्या. पडदा वेगळा घेण्याची घाई करू नका. घरातल्या सपाट टीव्हीला ते बहुधा जोडता येते. हाती थोडे पैसे उरले तर ते कशावर खर्च करावेत? येथे मते ऐकू नका, गणित करा. जुन्या यंत्रातली हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० वेळा. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. सुई योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण झाले बारा-तेरा. एसएसडीत काहीच फिरत नाही. तिला साधारण एक दशांश मिलिसेकंद पुरतो. म्हणजे सुटी सुटी माहिती शोधताना फरक शंभरपटीचा! म्हणून पहिला रुपया एसएसडीवर, दुसरा रॅमवर आणि दिखाऊ रंगीत दिव्यांवर एकही नाही. रॅम घेताना तिची पिढी पाहून घ्या. प्रत्येक पिढीच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. ती दुसऱ्या पिढीची आहे असे समजा.

दुसरे गणित विजेचे. प्रोसेसर ६५ वॅटचा आहे आणि तो सुमारे १.२ व्होल्टवर चालतो असे धरू. नववी-दहावीचे सूत्र लावा: प्रवाह म्हणजे शक्ती भागिले विभवांतर. उत्तर येते ५४ अँपिअर! घरातला ५०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर दोन-सव्वादोन अँपिअर घेतो. नखाएवढ्या चकतीत एवढा प्रवाह खेळतो, म्हणून ती तापते. म्हणून तिच्यावर धातूचे पंखे, उष्णता वाहणारा लेप आणि फिरता पंखा लागतो. हा लेप जुन्या यंत्रात वाळून गेलेला असतो. तो पुसून तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप लावणे हे अगदी स्वस्तातले आणि फार गुणकारी काम.

मग यंत्राला आपले रूप द्यायलाही हरकत नाही. कोणी प्लायवुडची पेटी करील, कोणी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात संगणक बसवील. मात्र हवेचा नियम पाळा. गार हवा खालून समोरून आत यावी, गरम हवा मागून वरून बाहेर जावी. माळवदाच्या घराला वर झरोका ठेवणाऱ्या गवंड्याला हे ठाऊक होते. आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर बारीक जाळी लावा, कारण उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ कशालाच सोडत नाही. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर तापलेली असते, तेव्हा यंत्राला थंड हवा मिळणार कोठून? पेटी थोडी मोठीच ठेवलेली बरी. पण कापाकापीपूर्वी मापे घ्या. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयीन यंत्रांचे मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्याच मापाचे असतात.

आता ताकीद. पॉवर सप्लायची बंद पेटी तुम्ही कधीही उघडू नये. आपल्या २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि प्लग काढल्यावरही तेवढ्या दाबाचा विद्युतभार आतल्या कपॅसिटरात काही काळ राहू शकतो. ती बिघडली तर बदला. प्लग काढल्याशिवाय यंत्राला हात लावू नका. भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवा. पेटी लाकडाची केली तर पॉवर सप्लायच्या धातूला अर्थिंग मिळते ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. आणि निकामी तारा तांब्यासाठी जाळू नका. तो धूर विषारी असतो.

माझी एक फजिती सांगतो. मी पहिला संगणक जोडला तेव्हा पंखे फिरले, दिवा लागला, पण पडदा काळा तो काळाच. तीन तास गेले. मदरबोर्ड जळाला असे म्हणून मी हात टेकले होते. मग एकेक भाग काढत गेलो. रॅम बदलली, तरी अंधार. पडद्याची तार बदलली, तरी अंधार. शेवटी दिसले की प्रोसेसरला वीज देणारी चार टोकांची छोटी जोडणी मी लावलीच नव्हती! त्या दिवशी मला संगणकापेक्षा विज्ञानाची रीत अधिक कळली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झाले ते वहीत लिहायचे आणि मगच पुढे जायचे. पुस्तकातली ‘गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष’ ही साखळी मी तोवर केवळ पाठ केली होती.

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. तुमची भीती मला समजते. संगणक जडसंग्रह नोंदवहीत चढलेला असतो. तो मोडला तर जाब तुम्हाला द्यावा लागतो. म्हणून चालत्या यंत्राला हात लावू द्या, असे मी म्हणत नाही. पण शाळेत बंद पडलेली यंत्रेही असतातच. त्यांचे रीतसर निर्लेखन झाले की भंगारवाल्याला देण्यापूर्वी शाळा समितीच्या मंजुरीने एक-दोन यंत्रे विज्ञान मंडळाकडे द्यावीत. तीन बंद यंत्रांतून एक चालते यंत्र निघाले, तर त्या दिवशीचा आनंद कोणत्याही बक्षीस समारंभाहून मोठा असेल. आणि पेचकस वर्गातल्या मुलींच्या हातीही द्या. त्यांना नुसते नोंदी लिहायला बसवू नका.

मित्रांनो, हे सारे मी मुद्दाम तुम्हाला, हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांना सांगतो आहे. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लिगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिचा खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये असून तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. अशा वेधशाळेतून माहितीचा नुसता लोंढा येतो. तो चाळायला महासंगणकही कमी पडतात, म्हणून २००५ पासून ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या प्रकल्पात जगभरचे लोक आपल्या घरच्या संगणकाचा मोकळा वेळ या कामासाठी देतात. २०१० मध्ये अमेरिका आणि जर्मनी येथील अशाच साध्या संगणकांनी रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा स्पंदक तारा शोधून काढला. तुम्ही जोडलेला संगणकही या कामात भाग घेऊ शकतो. फक्त वीजबिलाचा हिशेब आधी करा: ८० वॅटचे यंत्र दिवसभर चालले तर जवळजवळ दोन युनिट होतात!

उद्या वेधशाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आपण बाहेरूनच पाहणार, की आतली यंत्रे सांभाळणाऱ्यांत आपली मुलेमुली असणार? या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या त्या कुलूपबंद खोलीत दडले आहे. तेव्हा उद्याच सरांना किंवा बाईंना विचारा, “एखादा बंद संगणक आम्हाला उघडू द्याल का?” आणि होकार मिळाला की वही, पेन आणि पेचकस घेऊन बसा.