चोरघंटा स्टार्टरच्या पेटीत बसवताना

पेण तालुक्यात जिते, हमरापूर, जोहे या बाजूला भातशेतीच्या जोडीने गणपतीचे कारखाने चालतात. शेडमध्ये मूर्तींच्या रांगा, कोपऱ्यात रंग मारायचा कॉम्प्रेसर आणि भिंतीवर लोखंडी पेटी. पेटीत मेन स्विच, एमसीबी आणि मोटारीचा स्टार्टर. विहिरीवरचा पंप असो की भाताची गिरणी, मांडणी साधारण हीच. केबल कापून नेणे, मोटार खोलून नेणे हे प्रकार खेड्यापाड्यांना नवे नाहीत. तेव्हा चोरघंटा बसवावी असे कुणाच्याही मनात येईल. आणि पेटी आहेच, तर तिच्यातच घंटेचे यंत्र बसवून टाकावे, हेही ओघाने आले.

पेटी एकच असायला हरकत नाही. पण तिचे कप्पे दोन हवेत. मध्ये पत्र्याचा पक्का पडदा हवा आणि दोन्ही बाजू आर्थिंगला जोडलेल्या हव्यात. याचे कारण समजून घ्या. मोटारीच्या बाजूला तीन फेजचे ४१५ व्होल्ट खेळतात. चोरघंटेचे यंत्र चालते अवघ्या १२ व्होल्टवर, आणि त्याच्या बारीक तारा दाराच्या चौकटीला, खिडकीला, घरापर्यंतही गेलेल्या असतात. मुलेबाळे त्यांना हात लावतात. पेटीत एखादी जाड तार सैल होऊन त्या बारीक तारेला टेकली, तर चोर राहिला बाजूला, खिडकीलाच झटका बसायचा. म्हणून दोन्ही प्रकारच्या तारा एका पाइपातून कधीही नेऊ नयेत. पेटीत त्या वेगवेगळ्या छिद्रांतून घ्याव्यात. बाहेर एकमेकींना ओलांडायचेच झाले तर काटकोनात ओलांडाव्यात. याचा आणखी एक फायदा आहे. स्टार्टर सुटताना ठिणगी पडते, तिचा धक्का शेजारून गेलेल्या बारीक तारेला बसतो आणि रात्री कारण नसताना घंटा वाजते. दोनतीनदा असे झाले की माणसे वैतागून घंटाच बंद करून टाकतात.

आता वीज कुठून घ्यायची? खरी फसगत इथेच होते. काम संपले की मेन स्विच पाडून घरी जायचे ही चांगली सवय आहे. घंटेची वीज मेन स्विचच्या पुढून घेतली असेल, तर स्विच पडताच यंत्र बॅटरीवर जाते आणि सण असो की सुटी, बॅटरी हळूहळू उतरत राहते. म्हणून वायरमन मीटरनंतर, पण मेन स्विचच्या आधी, स्वतंत्र छोटा एमसीबी लावून घंटेला वीज देतो. हे योग्यच आहे. मात्र पुढे काय होते? वर्षभराने दुसराच वायरमन येतो, मेन स्विच पाडतो, पेटीत वीज नाही असे धरून हात घालतो. घंटेच्या कप्प्यात मात्र २३० व्होल्ट जिवंत असतात! म्हणून त्या कप्प्यावर ‘मेन स्विच बंद असला तरी येथे वीज आहे’ अशी पाटी ठळक मराठीत लावून घ्या. घंटेचा एमसीबी कोणता, तेही तिथेच लिहा. या दोन ओळींच्या रंगाला कितीसे पैसे लागतात? ही सगळी जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

बॅटरीचा हिशेब स्वतः करून पाहा. या यंत्रात सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी असते. यंत्र आणि त्याचे डोळे, म्हणजे माणसाची हालचाल टिपणारी उपकरणे, मिळून १०० मिलिअँपिअर खात असतील तर कागदावर ती ७० तास चालेल. जुनी झाली की निम्मी धरा, म्हणजे दीड दिवस. शेतीच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच असते, तिथे हा हिशेब आधी मांडायचा. उष्णता मात्र या बॅटरीची वैरीण. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणून पेटी पश्चिमेच्या उन्हात नको आणि बॅटरी स्टार्टरच्या डोक्यावर तर नकोच, कारण गरम हवा वर जाते. बॅटरी खालच्या बाजूला ठेवावी.

आपल्याकडे दमट हवा, चार महिने पाऊस आणि खाडीकडची खारी हवा. त्यात कारखान्यात प्लॅस्टरची नाहीतर शाडूची धूळ. पेटी घेताना ‘आयपी’ हा आकडा विचारावा. पहिला अंक धूळ अडवण्याचा, दुसरा पाणी. धुळीच्या शेडमध्ये ‘आयपी ६५’ची पेटी घ्यावी. पण तार आत घेताना छिद्र उघडे राहिले तर तो आकडा शोभेचाच. तारा खालून घ्या, छिद्राला रबरी बूच असलेली ग्लँड लावा, आणि तारेला पेटीबाहेर थोडा झोल द्या, म्हणजे पाणी तारेवरून आत न येता झोलाच्या टोकाला ठिबकेल.

साध्या घंटेची तार कापली की ती मुकी होते. म्हणून दाराच्या तारेत सतत थोडी वीज खेळती ठेवणारे यंत्र घ्यावे. त्यात तार तुटली की घंटा वाजते. पेटीच्या झाकणालाही असेच एक बटण हवे. भोंगा उंचावर, हात न पोचेल असा. मोबाईलवर फोन करणारे यंत्र असेल तर त्याचा अँटेना लोखंडी पेटीबाहेर काढावा, आतून लहरी बाहेर पडत नाहीत. सिमकार्डही पाहून घ्या. जुन्या पद्धतीच्या टू-जी यंत्रात जिओचे सिम चालत नाही.

घंटा वाजल्यावर ती बंद कशी करायची, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावे. अमावस्या-पौर्णिमा धरून, किंवा तुमच्या सोयीने, महिन्यातून एकदा घंटेचा एमसीबी पाडा, दार उघडा आणि भोंगा बॅटरीवर नीट वाजतो का ते ऐका. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. बॅटरी बसवल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवली म्हणजे ती बदलायची केव्हा, ते दुकानदाराला विचारावे लागत नाही.