विसंगतीचा कैवार

सिंधीपुऱ्यातील काही तरुण देवळाच्या ओसरीवर ‘फ्युचरामा’ या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेतील विनोदांची व विसंगतींची चिकित्सा करीत बसतात. वडीलधारी मंडळी त्यास पोरखेळ म्हणतात. हा निवाडा आम्हांस मान्य नाही.

फ्राय नामक पोऱ्या १९९९ सालच्या अखेरच्या रात्री खुर्चीवरून कलंडून शीतपेटीत पडतो व सहस्र वर्षांनी जागा होतो. हा अपघातच, असे सर्वांनी मानले. मात्र पहिल्याच भागात टेबलाखाली एक सावली हालली होती. ती निब्लर या प्राण्याची, आणि धक्काही त्यानेच दिला, हे उघड झाले २००३ मध्ये! फ्राय कालप्रवासात स्वतःचाच आजोबा ठरतो, हा २००१ मधील चावट विनोदही तेव्हा विश्वरक्षणाचे कारण ठरला. ती सावली हेरणाऱ्यास रिकामटेकडा म्हणावे काय? साक्षीदाराच्या जबानीतील अशाच एका सावलीवर आम्ही वकील खटले जिंकतो. चित्रकाराची किरकोळ चूक मिरविणारेही त्यांत आहेत. त्यांचे वकीलपत्र आम्ही घेत नाही.

परंतु पूर्वपक्ष ऐकल्यावाचून सिद्धान्त मांडू नये, ही रीत कोणाची? परवा त्यांतल्याच एकाने पोथी चालू असता वंशावळीतील पिढ्यांविषयी शंका विचारली. त्यास उठवून लावले. तेव्हापासून ओसरीवर तो दिसलेला नाही.