गाडी डावीकडे ओढते, की रस्ता?

पुण्यात पाच-सहा वर्षं वापरलेली, बुटक्या बांध्याची, एक्झॉस्टचा आवाज जरा भारदस्त केलेली गाडी एमएच 12 पासिंगसह धाराशिवात येते आणि पहिल्या आठवड्यातच तक्रारींना तोंड फुटतं. गाडी डावीकडे ओढते, जोरात पळवली की स्टिअरिंग हातात वळवळतं, तुळजापूरच्या घाटात वळणावर मागची बाजू हलकी वाटते. गॅरेजमध्ये कुणी रॅक गेला म्हणतो, कुणी लोअर आर्म, कुणी शॉकअप. एकेक भाग बदलला जातो, हजारोंची बिलं होतात, आणि ओढ जागच्या जागी राहते. माझं म्हणणं सरळ आहे: अशा गाडीत बिघाड शोधण्याआधी ती कारखान्यातून निघाली तशी आहे का हे पाहावं, आणि नसेल तर आधी तशी करावी. निदान तुलनेतूनच होतं. जी गाडी मुळात कशी चालत होती हे नव्या मालकालाही ठाऊक नाही आणि मेस्त्रीलाही नाही, तिच्यात काय बिघडलं हे सांगायचं कशाच्या आधारावर?

पण गाडीच्याही आधी रस्त्याकडे बघायला हवं. पाणी कडेला वाहून जावं म्हणून दुपदरी रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता बांधतात. आपण डाव्या बाजूने चालवतो, म्हणजे सदैव डाव्या उतारावरून. स्टिअरिंग सैल सोडलं की निर्दोष गाडीही हळूहळू डावीकडे जाणारच. त्यात आपल्याकडची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या डांबराला लाटा आणते. कळंब किंवा परांड्याकडच्या आतल्या रस्त्यांवर जड वाहनांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या असतात, आणि रुंद, कमी उंचीचा टायर त्या चाकोरीच्या कडा हुंगत चालतो. साध्या गाडीचा उंच, मऊ टायर हे सगळं गिळून टाकतो. स्पोर्टी गाडीचा टायर ते थेट तुमच्या तळहातापर्यंत पोचवतो, आणि तो त्यासाठीच बनवलेला असतो. चौपदरी महामार्गावर जाऊन पाहिलं तरी खात्री होत नाही, कारण तिथेही प्रत्येक बाजू बहुधा बाहेरच्या कडेकडे उतरती असते. खरी परीक्षा मोकळ्या पटांगणात, एकाच रेषेवरून आधी जाताना आणि मग येताना, तीस-चाळीसच्या वेगाने. जाताना डावीकडे आणि परत येताना उजवीकडे ओढली, तर उतार जमिनीत आहे. दोन्ही वेळा डावीकडेच ओढली, तर मात्र दोष गाडीत आहे.

आणि तो बहुतेकदा गाडीच्या सर्वांत दुर्लक्षित भागात असतो, म्हणजे टायरमध्ये. दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड हवेचा आकडा छापलेला असतो. किती जण तो वाचतात? पंक्चरवाला सगळ्यांना भरतो तेवढीच हवा याही गाडीत भरतो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पुढच्या जोडीतला एक टायर 2319 आणि दुसरा 2222, वर कंपन्याही वेगळ्या, तर ती जोडी सरळ धावेल ही अपेक्षाच चुकीची. काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर कोणती बाजू बाहेर ठेवायची ते लिहिलेलं असतं. गाडी विकण्याआधी घाईत चढवलेले टायर उलटे बसलेले निघाले, तर नवल नाही. पुढे गुडघ्यावर बसून तळहात टायरच्या आतल्या कडेवरून एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत किंवा बाहेर वळलेला कोन, बिघडलेला आहे. हे सांगायला संगणक लागत नाही. मग बाण नसलेल्या टायरची पुढची जोडी डावी-उजवी अदलाबदल करावी. ओढही बाजू बदलून उजवीकडे गेली, तर गुन्हेगार टायर आहे आणि रॅकवरचे पैसे वाचले.

टायर निर्दोष निघाले, की आधीच्या मालकाची हौस तपासायची. मूळ स्प्रिंगा काढून बुटक्या घातल्या की गाडी रुबाबदार दिसते, पण बऱ्याच गाड्यांत चाकं वरच्या बाजूने आत कलतात आणि टायर आतून झिजतात. बाजारातल्या रिमा मूळ रिमांपेक्षा चाक थोडं बाहेर ढकलतात. जणू स्टिअरिंगला जोडलेली दांडी लांब झाली, आणि प्रत्येक खड्डा त्या दांडीला धरून हिसका देतो. ब्रेक मारल्यावर किंवा एक चाक कडेच्या मुरुमात उतरल्यावर गाडी हातातून सुटू पाहते ती यामुळेही. अशा गाडीची अलाइनमेंट केली आणि कागदावर सगळे आकडे हिरवे आले, तरी तो हिरवा रंग पुरेसा नसतो. बऱ्याच गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो बदलता येतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल) जसे आहेत तसे. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये मोठा फरक दिसला, तर गाडी कधी तरी कुठे तरी आदळली असण्याची शक्यता धरावी, आणि तो प्रश्न अलाइनमेंटवाल्याला नव्हे, विकणाऱ्याला विचारावा.

काही तक्रारी तर बिघाड नसतातच, ती गाडीची मुळातली तऱ्हा असते. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या जोमदार गाडीत जोर लावला की स्टिअरिंग थोडं ओढणारच, कारण पकडही त्याच चाकांनी द्यायची आणि वळणही त्यांनीच घ्यायचं. 2017 साली भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये 230 पीएसची ताकद पुढच्याच चाकांवर येत होती. ओढ फक्त जोर लावताना येते आणि पाय काढताच जाते, तर भाग बदलण्याचं कारण नाही. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयचा कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीत रांगताना तापतो आणि अडखळतो. अशा वेळी पुढच्या गाडीपासून थोडं अंतर पडू द्यावं आणि मग एकदम सुटावं. अनेक गाड्या टायरमधली हवा थेट मोजत नाहीत, चाकाच्या फेऱ्यांवरून अंदाज घेतात, म्हणून हवा भरल्यावर ती यंत्रणा रीसेट करावी लागते. ते न करता लोक दिवा लागला म्हणून सेन्सर शोधत बसतात. ही उत्तरं मॅन्युअलमध्ये असतात. सेकंडहँड गाडीबरोबर मॅन्युअल क्वचितच येतं आणि आलं तरी प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघत नाही, ही गोष्ट वेगळी.

यावर मेस्त्री म्हणतील, आमच्या हाताला कळतं. कळतं, यात शंका नाही. बोलेरो आणि ट्रॅक्टर जिवंत ठेवण्याचं जे कौशल्य या जिल्ह्यात आहे, ते पुण्याच्या चकचकीत वर्कशॉपमध्ये मिळणार नाही. पण तो हात उंच, मऊ, सहनशील गाड्यांवर तयार झालेला आहे. ताठ सस्पेन्शनची गाडी त्याला बिघडलेलीच वाटते. दुसरा आक्षेप पैशाचा: मूळ स्प्रिंगा, मूळ रिमा आणायच्या कुठून? खर्च आहे, हे मान्य. पण पटांगणातली चाचणी, हवा आणि टायरची अदलाबदल यांना जवळजवळ काही लागत नाही आणि त्यांतच बरीच प्रकरणं मिटतात. शिवाय मूळ भाग अनेकदा आधीच्या मालकाच्या माळ्यावर पडून असतात. सौदा करतानाच ते मागावेत. तिसरा आक्षेप हौशी लोकांचा: बदल करायचेच नसतील, तर अशी गाडी घ्यायची कशाला? जरूर करावेत, पण मूळ गाडी दोन-तीन हजार किलोमीटर चालवून झाल्यावर, आणि कायद्याच्या चौकटीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे. एक अपवाद मात्र करायलाच हवा. स्टिअरिंगमध्ये खेळ आला, ब्रेकचा पाय खाली गेला किंवा थोडं चालवून एकच रिम चटका बसेल इतकी तापली, तर तुलना-बिलना बाजूला ठेवून गाडी तिथेच उभी करावी.

केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नियम आणले ते मालकीची कागदोपत्री साखळी तुटू नये म्हणून. त्याच साखळीत एक पान वाढवायला हवं: टायरच्या तारखा, स्प्रिंगा मूळच्या की बदललेल्या, रिमांचं माप. विक्रेत्याने सही करून द्यायचं. तोवर घेणाऱ्याने ते कोऱ्या कागदावर स्वतः लिहून घ्यावं. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात तेव्हा विकणारा समोरच बसलेला असतो, आणि पैसे अजून पूर्ण दिलेले नसतात.