अंगणातली जुनी जीप आणि घरात शिरणारी धूळ



गेल्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत एक वेगळाच पेशंट दिसू लागलाय. वय पंचवीस ते पन्नास, तब्येत ठणठणीत. तक्रार कधी डोळ्यात गेलेल्या कणाची, कधी न थांबणाऱ्या खोकल्याची. "काय काम करत होतात?" असं विचारलं की थोडं लाजत, थोडं अभिमानानं उत्तर येतं, "डॉक्टरसाहेब, आबांची जुनी जीप बाहेर काढलीय. घरीच बनवतोय."

शिरपूरच्या माणसाला जीपचं वेड का, हे वेगळं सांगायला नको. बोराडी, सांगवी, पळासनेर, त्याच्या वर सातपुड्यातले पाडे. रस्ते धड नव्हते तेव्हा तिथं जीपच जायची. बाळंतीण तिच्यातूनच दवाखान्यात यायची आणि लग्नाचं वऱ्हाडही तिच्यातूनच निघायचं. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशकं तोच सांगाडा थोडाफार बदलत चालू राहिला. म्हणून आजही खान्देशात एखाद्या खळ्यात, निंबाखाली, कोंबड्यांचा खुराडा झालेली जीप सापडते.

अमेरिकेत हेच वेड 'हॉट रॉड' नावानं ओळखलं जातं. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातली तरुण मुलं स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड गाड्या घ्यायची, मडगार्ड आणि छत काढून त्या हलक्या करायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कोरड्या तळ्यांवर पळवायची. पुढे पिकअप ट्रकही त्याच पद्धतीनं सजू लागले. हल्ली ते व्हिडिओ बघून आपल्याकडची मुलं मोबाइल एका हातात आणि ग्राइंडर दुसऱ्या हातात घेऊन अंगणात उतरतात.

हा छंद वाईट आहे असं मी म्हणणार नाही. हातानं काम करणं, मोडलेलं नीट करणं, बापलेकांनी एकत्र घाम गाळणं, हे मनाच्या आरोग्यासाठी चांगलंच. माझं म्हणणं एवढंच आहे: गॅरेज घरात आणलंत, तर गॅरेजमधले आजारही घरात येतात. आणि ते आधी तुम्हाला गाठतील असं नाही.

माझीच चूक

हे मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला लिहीत नाही. माझ्या वडिलांची १९७४ सालची पेट्रोल जीप मीही दोन वर्षांपूर्वी अंगणातच उघडली. मिस्त्रींबरोबर एक पोरगा यायचा, नुकताच अठरा पूर्ण झालेला. आठ दिवस तो पॉलिश पेपर आणि ग्राइंडरनं जुना रंग कोरडाच घासत होता. तोंडाला रुमाल. मी ओट्यावर चहा पीत फोटो काढत होतो. माझी अडीच वर्षांची नात त्याच ओट्यावर भातुकली मांडून बसायची.

नवव्या दिवशी तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर नारिंगी धुळीचा थर दिसला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या पोराला मी सहा महिन्यांपूर्वी अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. पोट दुखतं, शौचाला साफ होत नाही, असंही तो म्हणाला होता. "काम काय करतोस?" हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

दोघांच्याही रक्तातलं शिसं तपासलं. पोराचं प्रति डेसिलिटर १४ मायक्रोग्रॅम निघालं, नातीचं ४. शाळकरी वयापासून तो गॅरेजमध्ये जातो, त्यामुळे त्यातलं माझ्या जीपचं किती आणि आधीचं किती, हे सांगता येत नाही. पण मी डॉक्टर असून माझ्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं, हे तर सांगता येतं.

जुन्या रंगात शिसं कुठून आलं?

आपण ज्याला शेंदूर म्हणतो, ते रासायनिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. गंज चढू नये म्हणून लोखंडावर पूर्वी त्याचाच प्रायमर मारत. (आजचा तांबूस 'रेड ऑक्साइड' वेगळा, तो मुख्यतः लोहाचा असतो.) पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत लेड क्रोमेट वापरलं जायचं. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आले, तेही घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी रंगवलेल्या जीपला त्यांचा काय उपयोग? शिवाय देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्याआधी चाललेल्या पेट्रोल इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये शिशाची काजळी असतेच.

ही धूळ श्वासातून जाते, त्याहून जास्त हातावरून तोंडात जाते. मोठ्या माणसाच्या आतड्यात पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहा टक्के शोषलं जातं. लहान मुलात हेच प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जातं. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. आपल्याकडच्या मुलांमध्ये ॲनिमिया किती आहे, हे तुम्ही जाणताच. रक्तातलं शिसं महिन्या-दोन महिन्यांत उतरतं, पण हाडात बसलेलं दशकानुदशकं राहतं. मुलांच्या बुद्धीवर आणि एकाग्रतेवर त्याचा परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. ५ किंवा त्याहून जास्त आलं तर ते कुठून येतंय हे शोधून थांबवायलाच हवं.

उपचार काय? शिशाचा संपर्क तोडणं हाच मुख्य उपचार, बरोबर लोह-कॅल्शियमची कमतरता भरून काढणं. शिसं बाहेर काढणारी औषधं मुलांमध्ये साधारण ४५ च्या वर गेल्यावर लागतात. गूळ खाऊन, दूध पिऊन ते 'धुऊन' निघत नाही.

ब्रेकचा ड्रम फुंकू नका

जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडला की आपण सवयीनं कॉम्प्रेसरची हवा मारतो आणि ते अदृश्य तंतू हवेत उडतात. त्यांचा आजार वीस ते चाळीस वर्षांनी उगवतो. इतर देशांत ॲस्बेस्टॉस कामगारांच्या बायकांनाही फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला. त्यांनी फक्त नवऱ्याचे कपडे झटकून धुतले होते. आपल्या घरी ते कपडे कोण धुतं, याचा विचार करा. ड्रम ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

लगेच दवाखान्यात आणणाऱ्या गोष्टी

*तोंडानं पेट्रोल-डिझेल ओढणं.* नळी लावून टाकी रिकामी करताना चुकून घोट गेला तर खरा धोका पोटाला नाही, फुफ्फुसाला असतो. उलटी करवू नका, मिठाचं पाणी किंवा दूध पाजू नका. थेट दवाखान्यात या आणि खोकला नसला तरी काही तास देखरेखीखाली राहा. साध्या हातपंपानं हे सगळं टळतं.

*बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं.* पौष-माघाच्या थंडीत दार लावून इंजिन 'गरम' करतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो पित्त झालं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी खोटंच ९८ दाखवू शकतं. त्यावर विसंबू नका, आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा.

*वेल्डिंग.* चष्म्याविना केलेल्या वेल्डिंगची आग रात्री डोळ्यांत उठते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा जोडला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो आणि आपण मलेरिया शोधत बसतो. डॉक्टरांना कामाबद्दल सांगा.

*हातोडा आणि ग्राइंडर.* लोखंडाचा बारीक कण डोळ्याच्या आत शिरला तरी नजर सुरुवातीला चांगली राहू शकते. "निघून गेला असेल" म्हणून घरी थांबू नका.

*नुसत्या जॅकवर गाडीखाली झोपणं.* यावर माझ्याकडे औषध नाही. लोखंडी स्टँड लावल्याशिवाय खाली जायचं नाही.

मग करायचं काय?

रंग काढायचा तो ओला करून, वॉटर पेपरनं. कोरडा ग्राइंडर नाही. खाली प्लास्टिक पसरा, गाळ भाजीच्या वाफ्यात सोडू नका. झाडू नको, ओलं पोतेरं. चांगला बसणारा एन-९५ मास्क. रुमाल हा मास्क नव्हे. कामाचे कपडे अंगणातच उतरवा, वेगळे धुवा. हात धुतल्याशिवाय तंबाखू, विडी, भाकरी काही नाही. मुलं आणि गरोदर बाई आसपास नको. हार्डनर मिसळायचा पीयू रंग घरी मारूच नका. त्यातल्या आयसोसायनेटनं एकदा दमा लागला की पुढे थोडा वासही सोसत नाही, आणि एन-९५ ते अडवत नाही. गाडी बूथ असलेल्या पेंटरकडे न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधी ते घ्या.

बदल करायचेच असतील तर उंची वाढवणं, मोठे टायर लावणं सोडा. आखूड आणि उंच जीप वळणावर आधीच सहज उलटते. शिवाय नोंदणीतल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. मी माझ्या जीपला एकच नवी गोष्ट लावली, सीटबेल्ट.

आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपण टायरवर हजारो रुपये घालतो, पण घासणाऱ्या पोराला मास्क देताना मिस्त्रींकडे बोट दाखवतो. ते पोरगं म्हणेल, "काही व्हत नही, डॉक्टरसाहेब." मलाही तो तसंच म्हणाला होता. त्याला नको असला तरी द्या, आणि तो लावेपर्यंत काम थांबवा. जीप तुमची असेल तर ही जबाबदारीही तुमचीच.

तो आता ओलं घासतो, गोळ्या घेतो. गेल्या तपासणीत त्याचं शिसं ९ वर आलं होतं. नातीची तपासणी पुन्हा करायची आहे. जीप तयार आहे, पण तिच्याकडे बघताना मला अजून आधी ती नारिंगी धूळच आठवते.

काळजी घ्या. काही त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना भेटा, आणि त्यांनी विचारलं नाही तरी आपण काय काम करतो ते त्यांना सांगा.